तारामाशाच्या पाठीवरचा खुंट

बोटे थांबत नव्हती. अंधशाळेच्या बाईंची ती सडपातळ, सराईत बोटे ओतीव तारामाशाच्या पाठीवरून एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी सरकत होती आणि पाचही हात संपले की पुन्हा नव्याने निघत होती. कोणता हात पहिला हे मात्र त्यांना ठरवता येत नसावे, कारण प्रत्येक फेरीला त्या निराळ्याच जागी थबकत, किंचित मागे येत, आणि पुन्हा सुरू करत. दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या त्याला आधी वाटले, बाईंना वस्तूचा गुळगुळीतपणाच आवडला आहे. तसे वाटायला कारण होते. थोड्याच वेळापूर्वी गोगलगाईच्या शंखावरून तळवा फिरवून त्यांनी विचारले होते, "घासकाम कुणाचं हे? लोण्यासारखं झालंय." त्यावर संग्रहालयाचे प्रमुख उत्साहाने म्हणाले होते, "हे काय, इथंच बसलेत. आमच्या मॅडमचे सासरे. तंत्रशाळेत ओतकामाचे निदेशक होते. सगळी सफाई यांनी घरी हौसेनं केलीय." तेव्हा तो अर्धवट उठला होता आणि त्याने हात जोडले होते. जोडलेले हात बाईंना दिसणार नाहीत हे ध्यानात आल्यावर तो "नमस्कार!" असे इतक्या मोठ्याने म्हणाला, की बाई हसल्या. "अहो, मला दिसत नाही, ऐकू छान येतं." सगळे हसले. तोही हसला, आणि कानाच्या पाळ्या गरम झालेल्या असतानाही छातीत कुठेतरी ते 'लोण्यासारखं' विरघळत राहिले. ते पुरते विरघळण्याआधीच बाईंची बोटे थांबली.

"याची चाळणी कुठंय?" बाईंनी विचारले.

"कसली चाळणी?" प्रमुखांनी चष्मा वर केला.

"पाठीवरची हो. दोन हातांच्या बेचक्यात, मधल्या चकतीवर एक गोल, खरखरीत टिकली असते. पाणी तिथूनच आत जातं, नळ्यांतून हातांत पोचतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर याची पावलं चालतात. माझ्या पोरांना तर ती हवीच. तिच्यावर बोट ठेवायचं, शेजारचा हात पहिला धरायचा आणि मोजत जायचं. ती नसेल तर माझी पोरं घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत बसतील. मी फिरलेच की आत्ता!"

प्रमुखांनी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या सुनेकडे पाहिले. सुनेने तारामासा उचलला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि ती बघत राहिली. तेवढ्या वेळात त्याच्या उजव्या अंगठ्याला काहीतरी आठवले. डोक्याला आठवण्याआधी अंगठ्याला आठवले, हे त्याला पुढे कित्येकदा जाणवणार होते. अंगठ्याखाली एक बारीक, खरखरीत उंचवटा, त्यावर केसाएवढ्या रेषा, आणि मग कानशीचा पहिला घाव. त्याने अंगठा मुठीत दाबून धरला. सून अजून उजेडात पाहत होती. त्या छोट्याशा वस्तूत इतका वेळ पाहण्यासारखे काही नव्हते.

"माझ्याकडून राहिली, सर," शेवटी ती म्हणाली.

"सगळ्या नगांत?"

"सगळ्यांत."

"वा. उद्या हत्ती कराल आणि सोंड राहिली म्हणाल." प्रमुख हसले, पण हसू टेबलाच्या कडेपर्यंत पोचले नाही. "मॅडम, पुढच्या टप्प्यात खेकडा आहे, कोळी आहे, गोम आहे. पायांची मोजदाद आहे तिथं. तुमची नेमणूक वाढवायची तर मला वर सांगावं लागतं, की मॅडमचं काम डोळे झाकून घ्यावं असं आहे. आता कसं सांगू? उद्यापर्यंत विचार करू द्या मला."

"असू द्या हो," बाई म्हणाल्या, "बाकीचं झकास झालंय." परंतु हात मात्र त्यांनी मांडीवर घेतले होते.

सुनेने तारामासा टेबलावर ठेवला. ती दाराकडे वळली नाही, खुर्चीकडे वळली नाही. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते, रागाने पाहिले असते, तर त्या नजरेला धरून त्याला उठता आले असते असे त्याला वाटले. लगेच हेही कळले, की हे लबाडीचे वाटणे आहे. उठायला नजर लागत नाही, गुडघे लागतात. गुडघे शाबूत होते. तो बसून राहिला.

बसमध्ये तिने त्याला खिडकीशी जागा दिली. "बाबा, ऊन लागत असेल तर पडदा ओढा." तिचा आवाज रोजचाच होता, आणि त्या रोजच्या आवाजाचीच त्याला धास्ती वाटू लागली. त्याने पडदा ओढला. पडद्याआड शहर तुकड्यातुकड्यांनी जात होते: दुकानाची अर्धी पाटी, कुणाचे तरी खांदे, एका इमारतीची कडा. त्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले होते, की साच्याला दोन तोंडे असतात. एकातून रस आत जातो, दुसऱ्यातून हवा बाहेर पडते. हवेला वाट दिली नाही तर ती वस्तूतच घर करते. ओतून झाले की दोन्ही तोंडांच्या जागी दोन खुंट उरतात. ते कापायचे, कानशीने घासायचे, मग पाणी लावून बारीक घासकागद मारायचा, आणि बोट फिरवून पाहायचे. बोटाला खूण लागली तर काम अपुरे. "वस्तूला आपल्या जन्माची आठवण राहता कामा नये," हे त्याचे वाक्य होते. मुले पाठीमागे त्याला कानसमास्तर म्हणत. हे त्याला ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

सुनेने ओतलेले कच्चे नग आणले त्या दिवशी गॅलरीतल्या त्याच्या बाकावर तिने ते मांडले होते. स्पंज, हायड्रा, चपटा कृमी, गांडूळ, गोगलगाय, तारामासा; साध्यापासून गुंतागुंतीकडे, असे ती म्हणाली. 'शरीराचा आराखडा' हा तिचा शब्द त्याला फार पसंत पडला होता. प्राण्यांनाही आराखडा असतो, मध्यरेषा असते, छेद घेता येतो, हे ऐकून आपल्या विषयाचा एखादा दूरचा भाऊबंद भेटावा तसे त्याला झाले. पत्नी दारात बसून ऐकत होती. सून सांगत होती, स्पंजाला तोंडच नाही, अंगभर भोके. पाणी येते आणि जाते. हायड्राला पिशवीसारखे शरीर आणि एकच दार. अन्न आत जाते तिथूनच उरलेले बाहेर टाकायचे. "शी!" पत्नी म्हणाली. "ज्या तोंडानं खायचं त्याच तोंडानं?" सून म्हणाली, "आई, एका दाराचं घर ते. पाहुणेही तिथूनच आणि केरही तिथूनच." पत्नी खळाळून हसली आणि हसता हसता तिने पदर तोंडाशी नेला. पदर का नेते हे त्याला माहीत होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्या हसण्याच्या शेवटी नाकातून एक घुर्र असा आवाज येई. तो एकदा, अगदी सहज, म्हणाला होता, "तेवढं सोडलं तर तू छान हसतेस." त्यानंतर तो आवाज त्याने ऐकला नव्हता. गॅलरीत त्या दिवशी हे त्याच्या मनातही आले नव्हते. आता, बसच्या पडद्याशी, ते का यावे?

"बाबा, कडेची, साच्याच्या जोडाची शिवण आणि तळाचा खुंट तेवढा काढा," सुनेने सांगितले होते. "बाकी कशाला हात लावू नका." तो हसला होता. ज्याने पोहायला शिकवले त्यालाच कुणी पाण्यात जपून उतर म्हणावे, तसे. तारामाशाचा पहिला नग त्याने हातात घेतला. तळाशी खुंट होता. पाठीवर, मधल्या साध्या सपाट चकतीवर, मधोमध नव्हे तर एका बाजूला सरकलेला, दुसरा. हवेचे तोंड! तिने सांगायचे राहिले असणार. अलीकडची मुले घाईत असतात. शिवाय पाच हात इतके नेमके, वर्तुळाचे पाच समान भाग केलेले, आणि त्यात हा एक उपरा उंचवटा. आराखड्यात तो बसत नव्हता. त्याच्यावरच्या बारीक रेषा अंगठ्याला लागल्या तेव्हा एक क्षण त्याचा हात थबकला होता. हो, थबकला होता. हे आता नाकारण्यात अर्थ नव्हता. त्या रेषा फार जवळजवळ होत्या, फार सारख्या होत्या. बोथट सुरीने खरवडलेल्या अशा दिसत नव्हत्या. कुणीतरी भिंग लावून, सुईने, श्वास रोखून ओढलेल्या रेषा अशाच असतात. मात्र त्याने ठरवले, की कुणीतरी खुंट काढू पाहिला आणि जमला नाही. असे ठरवण्यात एक सुख होते. दुसऱ्याचे न जमलेले काम आपल्या हाताने पुरे करण्याचे सुख त्याला फार जुन्या काळापासून माहीत होते. त्याने कानस उचलली. मग एकामागून एक सगळे नग झाले, आणि जेवताना तो म्हणाला, "तुझ्या माशाचा एक दोष काढला बरं का आज." सून फोनवर कुणाशी तरी रंगाच्या डब्यांबद्दल बोलत होती; तिने मान हलवली. पत्नी म्हणाली, "तुमचा हात लागला की वस्तू गुळगुळीत होते, आणि माणसं तेवढी खरखरीत राहतात." त्याने ते हसण्यावारी नेले, कारण तो खुशीत होता. दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक नग मऊ फडक्यात गुंडाळला. "बघू तरी," सून म्हणाली. "तिथंच उघड," तो म्हणाला, "उगाच बोटांचे डाग पडतील." बोटांनीच पाहायच्या वस्तूंबद्दल तो हे बोलला होता, आणि सून हसून खोकी घेऊन गेली होती.

घरी पोचल्यावर पत्नीने पाणी दिले. "काय म्हणाली मंडळी?"

"आवडलं, आई," सून चपला काढत म्हणाली. "किरकोळ दुरुस्त्या आहेत."

"आणि यांचं कौतुक?"

"झालं ना. बाबांच्या घासकामाला लोणी म्हणाल्या बाई."

"मग आज जमिनीवर पाय नसणार," पत्नी म्हणाली.

तो कपडे बदलायला आत गेला आणि सदऱ्याची गुंडी हातात धरून उभा राहिला. सुनेने पांघरूण घातले होते. तिथेही आणि इथेही. पांघरुणाखाली ऊब वाटायला हवी, पण त्याचा श्वास कोंडत होता. चपट्या कृमीविषयी ती म्हणाली होती, की प्राण्यांच्या गोतावळ्यात ज्यांना प्रथम डोके आले, पुढची बाजू आणि मागची बाजू आली, त्यांच्यातला हा एक. तारामाशाला पुढची बाजूच नाही. पाचांतल्या कुठल्याही हाताच्या दिशेने तो चालू लागतो; त्याला वळावे लागत नाही, म्हणून पाठ फिरवताही येत नसावी. त्याला हे फार मोठे भाग्य वाटले. आपल्याला एक चेहरा दिला आहे, तो एकाच बाजूला आहे, आणि तो कुणापासून तरी वळवल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नेता येत नाही. सकाळी संग्रहालयात तो चेहरा त्याने खिडकीकडे वळवून ठेवला होता, जणू बाहेर काही चालले होते. बाहेर एक भिंत होती.

मुलगा परगावी नोकरीला असे, आणि त्याच्या माघारी या घरात ही परकी मुलगी दोन म्हाताऱ्यांना धरून राहिली होती, हे त्याने कधी उपकार म्हणून मोजले नव्हते. तिची नेमणूक कंत्राटी आहे हे त्याला माहीत होते. ती वाढली नाही तर ती इथे कशाला राहील, नवऱ्याकडे जाईल, आणि ते योग्यच होईल. मग त्याने स्वतःला पकडले. तिच्या नुकसानीचा हिशेब करतानाही त्याने आपल्याच घराच्या रिकाम्या खोलीपासून सुरुवात केली होती.

संध्याकाळी ती ओट्याशी भाज्या चिरत होती. पत्नी शेजारी गेली होती. तो दारात आला, पाण्याचा पेला उगाच विसळला, पुन्हा विसळला.

"बाबा, तो स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"मला ते हवेचं तोंड वाटलं," तो म्हणाला. "पाठीवरचं."

सुरी थांबली नाही. "हो. माझ्या लक्षात आलं. तळाला एक खुंट, मग दुसरा हवेचा. तुमच्या जागी दुसरा कुणी ओतारी असता तर त्यालाही तेच वाटलं असतं. खरं तर मीच आधी दाखवायला हवं होतं."

"नाही. तू हात लावू नका म्हणालीस."

"म्हणाले."

"मग तू तिथं माझं नाव का घेतलं नाहीस?"

आता सुरी थांबली. तिने चिरलेल्या फोडी सुरीच्या पात्याने एका बाजूला सारल्या, नीट, सगळ्या. "मी लगेच नाही बोलले, बाबा," ती म्हणाली. "उजेडात धरून बघत होते. थोडा वेळ थांबले होते."

एवढेच. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. टोचणी असती तर त्याने ती उपटून टाकली असती. ती पुन्हा चिरू लागली. तो पेला घेऊन उभा राहिला. मग तो पेला कुठे ठेवायचा हे त्याला कळेना, या घरात इतकी वर्षे राहून. तिने हात पुढे केला, पेला घेतला आणि फळीवर ठेवला.

सकाळी तो तिच्याबरोबर निघाला. "तुम्ही कशाला?" तिने विचारले. "जरा काम आहे," तो म्हणाला. तिने पुढे विचारले नाही. वाटेत तो वाक्ये जुळवत होता. निदेशक असताना तो कारखान्यातल्या अपघाताचे अहवाल लिहीत असे, आणि त्यात कर्ता कसा टाळायचा हे त्याला उत्तम येई: 'खुंट काढला गेला', 'उंचवटा घासला गेल्याचे आढळले'. तसली दोन वाक्ये तयार होऊन जिभेवर आलीही. त्याने ती गिळली.

प्रमुख खोलीत होते. टेबलावर कालचेच नग होते. सून त्याच्या मागे दारापाशी थांबली.

"या काका! आज पुन्हा?"

"तारामाशाची चाळणी मी काढली," तो म्हणाला. "हिनं केली होती. मी कानशीनं घासली. सगळ्या नगांची."

प्रमुख त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. तो मऊपणा त्याला येताना दिसला. "काका," ते म्हणाले, "बसा आधी. सुनेसाठी एवढं करणारा सासरा मी पाहिला नाही बुवा. तुमचं मन मोठं आहे. पण असं दुसऱ्याचं अंगावर घ्यायची गरज नाही, मॅडमना मी काही खाऊन टाकणार नाहीये."

"अंगावर घेत नाही मी. अंगावरचंच आहे."

"बरं, बरं." ते सुनेकडे पाहून हसले. "नशीबवान आहात, मॅडम."

कालचे लोणी बरे, असे त्याला वाटले. ते निदान अर्धे खरे होते. आता न केलेल्या त्यागाचे श्रेय समोर वाढून ठेवले होते, आणि तो नुसता गप्प राहिला असता तरी ते त्याच्या पदरात पडले असते. सुनेचे काम वाचले असते, त्याचे नाव वाचले असते, सगळ्यांचे भले झाले असते. ते किती सोपे आहे हे त्याला स्पष्ट दिसले. त्याने एक पाऊल पुढे टाकले. टेबलावर लोखंडी मोजपट्टी होती. ती त्याने उचलली, तारामासा प्रमुखांच्या पुढे सरकवला आणि पट्टीची धार मधल्या चकतीवर आडवी टेकवली.

"डोळा टेबलाच्या पातळीला आणा," तो म्हणाला. आवाज वर्गातला होता; प्रमुख नकळत वाकले. "पट्टीखालून उजेड दिसतो?"

"दिसतो. बारीक."

"कुठं?"

"इथं. एका बाजूला."

"चकती तिनं सपाट केली होती. हा खड्डा कानशीचा आहे. उंचवटा घासताना हात खाली दबला की असा पडतो. चाळणी मुळात नसती तर इथं खड्डा पडायचं कारण नव्हतं." त्याला पुढचे बोलायचे नव्हते, पण ते बोलल्याशिवाय पुरावा पुरा होत नव्हता. "कामही वाईट झालंय. पहिल्या वर्षाच्या मुलाला मी याबद्दल नापास केलं असतं."

प्रमुखांनी दुसरा नग ओढून स्वतः पट्टी लावली. मग तिसरा. खोलीत पट्टी वस्तूवर टेकल्याचा बारीक आवाज तेवढा होत होता. ते सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावरचा मऊपणा गेला होता.

"मॅडम, साच्यात चाळणी आहे?"

"आहे, सर. साचा शाबूत आहे. आठवड्यात पुन्हा ओतते."

"मग काल तसं म्हणायचं नाही का? तुमची चूक नसताना मी तुमचं काम थांबवायला निघालो होतो. पुढचा टप्पा तुमच्याकडेच राहील." ते त्याच्याकडे वळले. या वेळी 'काका' म्हणाले नाहीत. "तुम्ही काल इथंच होतात. या खुर्चीत. मी बोललो, सगळं तुमच्या समोर बोललो. तेव्हा का गप्प बसलात?"

यासाठी त्याने वाटेत उत्तर जुळवले होते. वय झाले, क्षणभर काही सुचले नाही, खात्री नव्हती, घरी जाऊन तपासून पाहायचे होते. एकेक उत्तर त्याने मनात उचलून पाहिले. सगळी घासूनपुसून ठेवलेली होती, कुठेही बोटाला काही लागत नव्हते. मागे दारात सून उभी होती. ती या वेळीही थांबली होती, हे त्याला न वळता कळले.

"नुकतंच कौतुक झालं होतं माझं," तो म्हणाला.